छत्तीस घरांची गोष्ट

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या टाऊनशिपमध्ये रेल्वे स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेवर अपार्टमेंट बांधण्याचा प्रस्ताव आला. दर पाच घरांतले एक घर कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी राखीव राहणार होते. प्लॅनिंग बोर्डाच्या सभेला इतकी गर्दी झाली की खुर्च्या संपून लोक भिंतीला टेकून उभे राहिले. आमच्या सबडिव्हिजनमधली आठ-दहा भारतीय मंडळी मिळून गेलो होतो. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे. मीही बोलले. शाळेत आधीच गर्दी आहे, सकाळी हायवेवर गाडी हलत नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्या गावाचे रूप बदलेल, असे तीन मुद्दे मी मांडले. टाळ्या पडल्या. घरी येताना जरा अभिमानच वाटत होता.

रात्री मुलीचा फोन आला. ती फिजिकल थेरपिस्ट आहे. नोकरी आमच्यापासून वीस मिनिटांवर, पण भाडे परवडेना म्हणून तेव्हा ती सव्वा तासावर दोन मैत्रिणींबरोबर राहत होती. मी तिला सभेची हकिकत रंगवून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आई, तू आणि बाबा पहिल्यांदा आलात तेव्हा कुठे राहत होतात गं?"

"गार्डन अपार्टमेंटमध्ये. तुला फोटो दाखवलेत की."

"मग ती तिथे कुणी बांधू दिली?"

मला उत्तर देता आले नाही. ती वाद घालणारी मुलगी नाही, विषय तिथेच थांबला. पण प्रश्न डोक्यात राहिला. निवृत्तीनंतर वेळ होता, लायब्ररी जवळ होती. वाचत गेले तेव्हा कळले की या प्रश्नाचा अख्खा इतिहास आपल्याच न्यू जर्सीत घडला आहे. टर्नपाइकच्या ज्या चार नंबरच्या एक्झिटवरून फिलाडेल्फियाला जाताना आपण शेकडो वेळा गेलो असू, तिथेच माउंट लॉरेल नावाची टाऊनशिप आहे. या लेखात तिची गोष्ट सांगायची आहे.

नियम कुठून आले

आपण अमेरिकेत आलो तेव्हा झोनिंग ही जणू निसर्गाची व्यवस्था आहे असेच समजून चाललो. इथे घरे, तिथे दुकाने, पलीकडे कारखाने. प्रत्यक्षात ही व्यवस्था शंभर-सव्वाशे वर्षांचीच आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली पहिला सर्वंकष झोनिंग कायदा केला. त्याच सुमारास दक्षिणेतल्या काही शहरांनी सरळ वंशावर आधारलेले नियम केले होते : या गल्लीत गोऱ्यांनी राहायचे, त्या गल्लीत काळ्यांनी. केंटकीतल्या लुइव्हिल शहराचा असा नियम १९१७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केला.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९२६ मध्ये, क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या गावाचा खटला त्याच कोर्टापुढे आला. आता प्रश्न माणसांच्या वंशाचा नव्हता, इमारतींच्या प्रकाराचा होता. कोर्टाने झोनिंग मान्य केले. निकालपत्रात न्यायमूर्ती सदरलंड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटच्या इमारतीला जवळजवळ बांडगूळच म्हटले : आजूबाजूच्या मोकळ्या जागेचा आणि चांगल्या वातावरणाचा फायदा घेऊन वाढणारे. माणसाला वंशावरून अडवणे बेकायदा ठरले होते, पण त्याला परवडेल असे घर बांधायलाच मनाई करणे कायदेशीर राहिले. पुढच्या पन्नास वर्षांचे बीज या फरकात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हायवे झाले, सरकारी हमीची कर्जे मिळू लागली आणि शेतांच्या जागी उपनगरे उभी राहिली. माउंट लॉरेल ज्या बर्लिंग्टन काउंटीत आहे, तिथेच १९५८ मध्ये लेव्हिट कंपनीची हजारो घरांची वसाहत सुरू झाली. आज ती विलिंगबरो म्हणून ओळखली जाते. काळ्या कुटुंबांना घरे विकायला कंपनीने नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले, आणि १९६० मध्ये पहिले काळे कुटुंब तिथे राहायला आले. पण विकायला बंदी नसली तरी विकत घ्यायला ऐपत लागते. ऐपतीची पायरी किती उंच ठेवायची, हे प्रत्येक टाऊनशिपचे झोनिंग ठरवत होते.

माउंट लॉरेल

माउंट लॉरेल हे क्वेकर पंथीयांच्या जुन्या वस्तीचे शेतीचे गाव. गुलामगिरीच्या काळापासून तिथे काळ्या कुटुंबांची वस्ती होती. १९५० मध्ये लोकसंख्या २,८१७ होती, १९७० मध्ये ती ११,२२१ झाली. टर्नपाइक आणि नवे हायवे गावातून गेले, नव्या कॉलन्या आल्या. जमिनीचे भाव चढले, आणि गावातल्या जुन्या काळ्या कुटुंबांना गावात राहणे अवघड होऊ लागले. स्प्रिंगव्हिल भागात काही जण मोडक्या घरांत, काही तर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांची डागडुजी करून केलेल्या खोल्यांत राहत होते. टाऊनशिप अशी घरे राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करायला लावायची, पण त्या लोकांनी जायचे कुठे, याची सोय करत नव्हती.

या लोकांनी स्प्रिंगव्हिल ॲक्शन कौन्सिल नावाची संघटना काढली आणि छत्तीस गार्डन अपार्टमेंट बांधायची योजना आखली. छत्तीस, फक्त छत्तीस. त्यांच्यात पुढे होत्या एथेल लॉरेन्स. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावातले. घरात बरीच मुले, बालवाडीत नोकरी, चर्चमध्ये पियानो वाजवणे, असे त्यांचे आयुष्य. योजनेला टाऊनशिपची परवानगी हवी होती, कारण झोनिंगप्रमाणे तिथे फक्त स्वतंत्र घरेच बांधता येत. १९७० साली गावातल्या जेकब्स चॅपल या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तेव्हाचे मेयर आले. इथे राहणे परवडत नसेल तर तुम्हाला दुसरीकडे जावे लागेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी त्या लोकांना दिले. ज्यांना सांगितले, त्यांच्यातल्या कित्येकांचे पणजोबा त्या गावात पुरलेले होते.

१९७१ मध्ये खटला दाखल झाला. कॅम्डेनच्या गरिबांसाठी काम करणारे तरुण वकील आणि एनएएसीपी ही संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. कोर्टापुढे गावाच्या झोनिंगचे जे तपशील आले ते वाचताना मी थबकले. निवासी विभागांत एका प्लॉटवर एकच स्वतंत्र घर, एवढीच परवानगी. ४,१२१ एकर जमीन, म्हणजे गावाचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग, उद्योगांसाठी राखून ठेवलेला, आणि त्यातली प्रत्यक्ष वापरात शंभर एकरही नाही. काही मोठ्या प्रकल्पांना अपार्टमेंटची परवानगी मिळाली होती, पण अटी काय? एका बेडरूमच्या घरात शाळेच्या वयाचे एकही मूल राहता कामा नये. दोन बेडरूमच्या घरात दोनपेक्षा जास्त नकोत. आणि सरासरी दर दहा घरांमागे तीनपेक्षा जास्त मुले निघाली, तर जास्तीच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरने भरायचा!

हे वाचून मला आमची एका बेडरूमची जागा आठवली. मुलीचा पाळणा तिथेच हलला होता. ती पाच वर्षांची होऊन किंडरगार्टनला गेली तेव्हाही आम्ही तिथेच होतो. माउंट लॉरेलच्या त्या अटीत आमचे तीन माणसांचे घर बेकायदा ठरले असते.

मुलांची भीती का?

एक गोष्ट स्पष्ट करते. हे नियम करणारे सगळेच वंशद्वेष्टे होते असे समजणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. न्यू जर्सीत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणावर घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून चालतो. मोठ्या घरातून टॅक्स जास्त येतो. लहान घरातून टॅक्स कमी येतो, आणि शाळेत जाणारी मुले मात्र तेवढीच किंवा जास्त. ऑफिस पार्कमधून टॅक्स येतो, मुले येत नाहीत. म्हणून प्रत्येक टाऊनशिपला ऑफिसे हवीत, मोठी घरे हवीत, आणि त्या ऑफिसांत काम करणाऱ्यांची घरे शेजारच्या टाऊनशिपमध्ये हवीत. शेजारचीही तेच म्हणते. न्यू जर्सीत साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आहेत. प्रत्येकीने आपापला हिशेब बरोबर केला, आणि सगळ्या राज्याचा हिशेब चुकला.

दुसरी भीती घराच्या किमतीची. विल्यम फिशेल या अर्थतज्ज्ञांनी ती नेमकी सांगितली आहे. मध्यमवर्गीय माणसाची जन्माची बचत एका घरात अडकलेली असते. आगीचा विमा मिळतो, पण शेजारी काही बदलल्यामुळे भाव पडला तर त्याचा विमा कुठेच मिळत नाही. मग तो सभेला जातो. मी गेले ती याच भीतीने. तोंडाने मात्र गावाच्या रूपाचे नाव घेतले.

कोर्टाचे निकाल आणि पळवाटा

२४ मार्च १९७५ रोजी न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिले त्याचा सारांश असा : जमिनीवर नियम करण्याची सत्ता टाऊनशिपला राज्याकडून मिळालेली आहे, ती सर्व जनतेच्या हितासाठी वापरायला हवी. म्हणून वाढत्या टाऊनशिपने आपल्या परिसराला लागणाऱ्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या घरांचा रास्त वाटा उचलला पाहिजे. देशभर या निकालाची चर्चा झाली.

माउंट लॉरेलने काय केले? नावापुरते तीन तुकडे अपार्टमेंटसाठी काढून दिले. गावाच्या एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी. घर एकही उभे राहिले नाही. एथेल लॉरेन्स यांना पुन्हा कोर्टात जावे लागले. २० जानेवारी १९८३ रोजी मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांनी दुसरा निकाल दिला. निकालाला आठ वर्षे होत आली तरी घरांऐवजी कागद, साक्षी आणि अपिलेच तयार झाली, अशी खंत त्यात आहे. या वेळी कोर्टाने दात दाखवले. टाऊनशिप आपला वाटा उचलत नसेल, आणि बिल्डर आपल्या प्रकल्पातली साधारण वीस टक्के घरे परवडणारी ठेवायला तयार असेल, तर कोर्ट त्याला बांधायची परवानगी देऊ शकेल. आपल्याकडच्या कितीतरी टाऊनहाऊस कॉलन्या अशा दबावातून झाल्या. पाचातले एक घर राखीव हा हिशेबही तिथूनच रुळला.

टाऊनशिपांचा संताप पाहून १९८५ मध्ये राज्याने फेअर हाऊसिंग ॲक्ट केला. वाटे ठरवायला एक कौन्सिल नेमली आणि सोबत एक पळवाटही ठेवली : टाऊनशिपने आपल्या वाट्यातली निम्मी घरे पैसे देऊन दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालायची. श्रीमंत उपनगरे पैसे मोजत, आणि घरे ट्रेंटन, न्यूअर्कसारख्या गरीब शहरांत होत. आम्ही आमचे पहिले घर घेतले ते याच काळात. अशा व्यवहारांबद्दल आम्ही कधी ऐकलेही नव्हते. ही पद्धत २००८ साली कायद्याने बंद झाली.

एकशे चाळीस घरे

एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. घरे उभी राहिलेली त्यांना पाहता आली नाहीत. १९९७ मध्ये माउंट लॉरेलच्या प्लॅनिंग बोर्डापुढे शेवटी प्रकल्प आला तेव्हाही सभा गर्दीने भरली होती. गुन्हे वाढतील, टॅक्स वाढेल, घरांचे भाव पडतील. खटल्यातले एक वकील पीटर ओ'कॉनर यांनी प्रकल्प चिकाटीने पुढे नेला. २००० साली पहिली शंभर घरे आणि काही वर्षांत आणखी चाळीस अशी एकशे चाळीस घरांची वसाहत झाली. नाव एथेल लॉरेन्स होम्स. छत्तीस घरे मागितल्याला तीस वर्षे झाली होती.

भीती खरी ठरली का? प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी माउंट लॉरेलची तुलना तशाच शेजारच्या टाऊनशिपांशी केली. गुन्हे, घरांच्या किमती आणि टॅक्स, तिन्ही बाबतींत या वसाहतीमुळे काही फरक पडल्याचे दिसले नाही. शेजारच्या कॉलन्यांतल्या कित्येकांना तर अशी वसाहत जवळ आहे हेच माहीत नव्हते. ज्यांना तिथे घर मिळाले त्यांची तुलना अर्ज करूनही घर न मिळालेल्यांशी केली, तेव्हा घर मिळालेल्यांच्या नोकरीत आणि कमाईत सुधारणा दिसली. त्यांच्या मुलांना अभ्यासाला शांत जागा आणि चांगली शाळा मिळाली होती.

एका वसाहतीवरून सगळीकडचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. तिचे व्यवस्थापन चांगले होते, बांधणी आजूबाजूच्या घरांना शोभेल अशी होती. पण तीस वर्षे जे होईल म्हणून सांगितले गेले, ते झाले नाही, एवढे तरी नक्की.

बिल कोण भरते?

आता हिशेब. समजा, एक एकर जमीन पाच लाख डॉलरला आहे. अर्ध्या एकराला एकच घर असा नियम असेल, तर एका घरामागे अडीच लाख फक्त जमिनीचे. त्याच एकरावर बारा अपार्टमेंट बांधू दिली, तर एका घरामागे सुमारे बेचाळीस हजार. बांधकाम सुरू होण्याआधीच दोन लाखांचा फरक पडला, आणि तो वीट-लाकडाचा नाही, परवानगीचा आहे. वर सुनावण्या, वकील, वर्षानुवर्षे थांबण्याचे व्याज हेही घर घेणाराच भरतो.

हा भार कुणावर पडतो? ज्यांचे घर आधीपासून आहे त्यांच्यावर नाही, त्यांची मालमत्ता वाढते. पडतो तो नंतर येणाऱ्यांवर : शाळेतली शिक्षिका, हॉस्पिटलमधली नर्स, आपल्या म्हाताऱ्या आईला आंघोळ घालायला येणारी होम हेल्थ एड. ती दोन बस बदलून येते, आणि बर्फ पडला की येऊ शकत नाही. मग आपण म्हणतो, हल्ली माणसे मिळत नाहीत. मोठ्या प्रमाणावरही हेच होते. सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क अशा ठिकाणी नोकऱ्या आणि पगार चांगले, पण घरेच नसल्यामुळे माणसे तिथे जाऊ शकत नाहीत, आणि त्यात सगळ्या देशाचे नुकसान होते. किती होते या आकड्यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे, होते की नाही यावर फारसा नाही.

आपल्याला हे नवीन नाही. मुंबईत १९९१ च्या नियमांनी मूळ शहरात १.३३ आणि उपनगरांत १ एफएसआय ठेवला, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून थोडेच जास्त बांधकाम. गिरगाव-लालबागची मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली त्याची कारणे अनेक आहेत, पण जागेची ही कृत्रिम टंचाई त्यातले एक आहे. माझा भाऊ चाळीस वर्षे लोकलला लोंबकळत कामावर गेला. त्याच्याबद्दल हळहळणारी मी इथे सभेत उभी राहून तेच करत होते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

मग आमची गार्डन अपार्टमेंट कुणी बांधू दिली? उत्तर साधे निघाले. न्यू जर्सीत अशी दोन मजली, विटांची, मध्ये हिरवळ असलेली अपार्टमेंट पन्नास-साठच्या दशकात भराभर बांधली गेली. पुढे अनेक टाऊनशिपनी त्यांच्यावर बंदी तरी घातली किंवा बेडरूमची मर्यादा घातली. आम्ही १९७९ मध्ये आलो तेव्हा दार लागत आले होते, पण आत बांधलेल्या खोल्या शिल्लक होत्या. त्या कॉम्प्लेक्समध्ये चार मराठी कुटुंबे होती. दोन गाड्यांत चौघांची कामे चालत. गणपतीची आरती रोज एकेकाकडे. डाऊन पेमेंट साठले ते तिथल्या कमी भाड्यामुळे. आपल्या समाजाच्या यशाची गोष्ट सांगताना आपण शिक्षण सांगतो, कष्ट सांगतो. त्या स्वस्त भाड्याच्या जागेचे नाव कुणी घेत नाही.

इतिहास अजून चालूच आहे. कौन्सिलचे काम वर्षानुवर्षे रखडले, म्हणून २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विषय पुन्हा कोर्टांकडे घेतला. त्यानंतर तीनशेहून अधिक नगरपालिकांनी तडजोडी केल्या. २०१८ मध्ये मर्सर काउंटीच्या कोर्टाने वेस्ट विंडसरचा वाटा १,५०० आणि प्रिन्स्टनचा ७५३ घरांचा ठरवला. मार्च २०२४ मध्ये नवा कायदा होऊन कौन्सिल रद्द झाली आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांचे वाटे ठरले. माँटव्हेलच्या पुढाकाराने काही नगरपालिका त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. बाकीच्यांना आपले आराखडे ३० जून २०२५ पर्यंत मंजूर करायचे होते.

आमच्या टाऊनशिपच्या आराखड्यावर या वर्षी सभा झाली. मी गेले आणि पुन्हा तीन मिनिटे बोलले. शाळेतली गर्दी खरी आहे, त्यासाठी राज्याकडे पैसे मागू या, सांडपाण्याची आणि रस्त्यांची सोय आधी करून घेऊ या, पण घरे होऊ द्या, असे सांगितले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्याच मंडळातल्या एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. "वहिनी, तुमच्या घराचा भाव पडला तर चालेल का?" मी म्हटले, "भाऊजी, भाव पडायची मलाही भीती वाटते. पण या भावात आपली मुले इथे येऊ शकत नाहीत, त्याचे काय?" ते थोडे थांबले. त्यांचा मुलगा नॉर्थ कॅरोलायनाला गेला आहे.

आमची मुलगी आता पेनसिल्व्हेनियात राहते. दिवाळीला येईल, दोन तास गाडी चालवून. तुमच्या टाऊनशिपचा आराखडाही म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये कुणालाही पाहायला मिळतो. एकदा पाहा. सभेला जाणार असाल तर जरूर जा, विरोधात बोलायचे असेल तरी जा. फक्त निघण्यापूर्वी आपले पहिले घर कुठे होते, ते आठवून निघा.